बारी आणि रांग

बारीत उभे राहणे म्हणजे काय, हे आपणां वारकऱ्यांस कोणी शिकवायला नको. २०२२ साली, दोन वर्षे साथीने घरी बसवल्यावर, पालख्या पुन्हा पायी चालल्या आणि १० जुलैच्या आषाढी एकादशीला आम्ही दर्शनबारीत उभे होतो. पाय भरून आले होते, तरी आनंद मावत नव्हता.

त्याच दिवसांत श्रीलंकेतही माणसे रांगेत उभी होती. रॉकेलसाठी, गॅससाठी, पेट्रोलसाठी. मार्चमध्ये तर काही म्हातारी माणसे रांगेतच कोसळली नि गेली. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे गेल्या. जूनअखेर सरकारने खाजगी गाड्यांना इंधन विकणेच बंद केले, तेही १० जुलैपावेतो, म्हणजे नेमके आपल्या एकादशीपावेतो.

राज्यकर्त्यांनी कर घटवले, कर्ज वाढवले. २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली आणि भाताचे पीक घसरले. (शेणखताचा महिमा आम्हीही सांगतो, पण शेतकऱ्याचा हात असा अचानक धरणे निराळे.) एप्रिल २०२२ मध्ये परदेशाचे देणे तूर्त फेडता येत नाही, असे सरकारनेच जाहीर केले. कर्ज कोणी काढले, आणि उपाशी कोण राहिले! आमच्या तुकोबारायांनी आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडवले, असे परंपरा सांगते. इथे रोखे राजाचे, नि बुडाली प्रजा.

कोणी म्हणेल, बुवा, हे राजकारण झालं, टाळकऱ्याला त्याचं काय? थांबा, ऐका.

कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर एप्रिलपासून लोक तळ देऊन बसले होते. बौद्ध, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळे. रमजानचे उपास तिथेच, सर्वांच्या संगतीत सुटले. ९ जुलैला, म्हणजे आपल्या दशमीला, अफाट जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरला. आत नोटांच्या थप्प्या सापडल्या, तिथले सुमारे पावणेदोन कोटी रुपये. लोकांनी ते मोजले आणि पोलिसांच्या हवाली केले. परधनाला शिवू नये, हे आम्ही कीर्तनात शंभरदा सांगितले आहे. पण भरल्या पोटी सांगितले आहे.

मात्र त्याच रात्री पंतप्रधानांचे खाजगी घर पेटवले गेले, आणि मे महिन्यात तर माणसेही मारली गेली होती. हे झाकून आम्ही तुम्हांला नुसता गोड भाग सांगणार नाही. भूक सगळ्यांची एकच होती, हात निरनिराळे निघाले.

एकादशीच्या दिवशी तिथले लोक, पोरे कडेवर घेऊन, पुन्हा रांगेत उभे राहिले. ही रांग त्या निवासाच्या दाराशी होती. धनी पळालेला, आणि लोक त्याचे रिकामे घर बघायला आलेले!

द्वादशीला पारणे सोडताना आम्ही हे सारे शेजारच्या पंगतीतल्या एका आजीला सांगितले. ती भाकरी मोडता मोडता थांबली नि म्हणाली, "मग म्हाराज, त्यांच्या चुली पेटल्या का?"

घास आमच्या हातात तसाच राहिला.