सव्वा मिलिमीटरचं भोक

पावसाळा संपल्यावर आमच्या फिएटचा कार्बोरेटर उघडला, तेव्हा फ्लोटच्या वाटीत तळाला पांढरट पिठी बसली होती. ओल्या चुन्यासारखी. मिस्त्रींनी ती नखाने खरवडली, अंगठ्यावर चोळून पाहिली आणि म्हणाले, "हे तुमच्या साखर कारखान्याचं देणं." गाडी १९७३ ची. मिस्त्री तिच्याहून पंचवीस वर्षांनी थोरले, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांची हयात असल्याच वाट्या पुसण्यात गेलेली. बोलणं चेष्टेचं होतं, पण निदान अचूक होतं.

पंपावर आज मिळतं त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असतं, आणि आमच्याकडे इथेनॉल म्हटलं की ऊसच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिना दीड महिना उभी राहिली की ते पाणी वाटीत साचतं आणि कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित धातूला खातं. जुन्या रबराचे डायफ्रॅम आणि वॉशर फुगतात. टाकीत पन्नास वर्षं चिकटून बसलेला मळ सुटतो आणि थेट जेटमध्ये येऊन अडकतो. गाडी मिसिंग करायला लागते, चढाला दम टाकते, सिग्नलला बंद पडते.

भाचा पुण्यात गाड्यांच्याच कंपनीत आहे. त्याने एका वाक्यात निकाल लावला, "मामा, तो डबा काढा आणि इंजेक्शन बसवा." आता तयार किट मिळतात. कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी, त्यात इंजेक्टर, सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक छोटा संगणक. गेली दोन वर्षं आमच्या घरात दिवाळीला फराळाबरोबर हाच वाद असतो.

कार्बोरेटर ही मुळात फार साधी युक्ती आहे. हवा जाण्याचा मार्ग मध्ये चिंचोळा करायचा. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल एका बारीक भोकातून आपोआप ओढलं जातं. त्या भोकाचं, म्हणजे जेटचं, माप ठरलं की गाडीचा स्वभाव ठरला. आमच्या सोलेक्स कार्बोरेटरच्या मुख्य जेटवर १२५ हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे सव्वा मिलिमीटर. हवा पातळ झाली, पेट्रोल बदललं, तरी भोकाला ते कळायचा मार्ग नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. भोक मात्र जुन्याच हिशेबाने पेट्रोल वाढत राहतं, म्हणून इंजिन उपाशी राहतं. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर धूर हुंगतो आणि संगणक पुढच्या क्षणी घास वाढवतो. भाच्याच्या मुद्द्यात दम आहे, हे मान्यच करायला हवं.

जुन्या गाड्यांचे शौकीन यावर एकच शब्द फेकतात, 'ओरिजिनल'. मला तो शब्द पुरेसा प्रामाणिक वाटत नाही. ज्या पेट्रोलसाठी हा कार्बोरेटर घडवला ते शिसंमिश्रित पेट्रोल देशात २००० सालापासून विकलंच जात नाही. टायर बदलले, तेल बदललं, रस्ते बदलले. आणि ज्या लोकांनी ही गाडी खऱ्या अर्थाने जगवली, त्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी अस्सलपणाची फिकीर कधी केली? त्यांनी डिकीत सीएनजीची टाकी ठेवली, कार्बोरेटरवर मिक्सर बसवला आणि भाडी मारली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी याच गाडीचं पुढचं रूप असलेली पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली ती वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. तोवर तिच्या पोटात काय काय अदलाबदल झाली होती, ते टॅक्सीवाल्यालाच ठाऊक.

सरकारला मात्र अस्सलपणा हवा आहे. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नको. इंजेक्शन बसवणाऱ्याने आरटीओच्या खिडकीशी हुज्जत घालायची तयारी ठेवलेली बरी. शिवाय असा नंबर घेतला की गाडी फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला वा दुरुस्तीला बाहेर काढायची. मला रविवारी जोतिबाला जायचं असतं. मी तो नंबर घेतलेला नाही.

इंजेक्शनला परकं म्हणून हिणवण्यातही अर्थ नाही. मर्सिडीजच्या ३०० एसएलमध्ये ते १९५४ साली होतं, आणि बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन फोक्सवॅगनने १९६७ मध्ये बाजारात आणलं. म्हणजे आमची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा हे तंत्र जगात रुळलेलं होतं, आपल्याकडे तेवढं पोचायचं होतं. आणि खंबाटकी घाटात भर मे महिन्यात बंद पडलेल्या गाडीच्या पेट्रोल पंपावर ज्याने ओला पंचा गुंडाळलाय, त्याने तरी कार्बोरेटरचं काव्य करू नये. वडील बॉनेट उघडून उभे, आई झाडाखाली, आम्ही भावंडं पाण्याची बाटली घेऊन पंच्यावर थेंब थेंब ओततोय. पाइपात पेट्रोलची वाफ धरली की दुसरा इलाज नसे. दाबाखाली पेट्रोल फिरवणाऱ्या इंजेक्शनला हा आजार क्वचितच होतो.

मग मी नाही का म्हणतोय? एक तर किट एकटं येत नाही. जुना यांत्रिक पंप जेमतेम तीन-चार पौंड दाब देतो, इंजेक्शनला त्याच्या दसपट लागतो. म्हणजे विजेचा पंप आला, टाकीकडे परतीचा पाइप आला, नवे होज आले. पंप आणि संगणकाला अखंड वीज हवी, आणि आमच्या गाडीला अजून डायनॅमो आहे, आयडलिंगला ज्याच्या हेडलाइटची समई होते. म्हणजे अल्टरनेटर आला. पॉइंटच्या ठिणग्यांनी संगणक बावचळू नये म्हणून इग्निशन बदला. एक दात काढायला जावं आणि कवळी घेऊन यावं, तसं.

पण खर्च हे खरं कारण नाही. खरं कारण वयाचं आहे. कार्बोरेटर पितळ आणि जस्ताचा. तो बिघडतो तेव्हा हळूहळू बिघडतो, कुरकुर करून सांगतो, आणि कुरकुरत का होईना घरी आणतो. त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, उद्यमनगरातल्या लेथवर नवा करता येतो. किटमधला संगणक बंद डबा आहे. तो चालतो तोवर बिनबोभाट चालतो आणि जातो तेव्हा एकदम जातो. पंधरा वर्षांनी तोच डबा, तोच सेन्सर, त्यात शिरायला लागणारं तेच सॉफ्टवेअर मिळेल याची हमी कोण देणार? माझ्या घरात पंधरा वर्षांपूर्वीचा एकही मोबाइल चालू नाही. पन्नासहून जास्त वर्षं चाललेल्या यंत्राचा जीव त्यातल्या सर्वांत अल्पायुषी भागाच्या हाती द्यायचा, हे मला पटत नाही. रोज ऑफिसला न्यायची गाडी असती तर मी भाच्याचं ऐकलं असतं. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीचं गणित वेगळं.

धुराच्या बाबतीत मात्र माझी बाजू लंगडी आहे. पीयूसीत आमच्यासारख्या जुन्या गाडीला तीन टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, बीएस-२, बीएस-३ गाडीला अर्धाच टक्का. तरीही पीयूसीआधी स्क्रू फिरवून मिक्शर पातळ करायचं आणि कागद हातात पडला की पुन्हा घट्ट करायचं, हा खेळ गावोगाव चालतो. मी तो बंद केला आहे.

शेवटी मिस्त्रींनी वाटी उकळून साफ केली, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे वॉशर आणि होज घातले, आणि १२५ चं जेट काढून १३० चं बसवलं. पाच शतांश मिलिमीटरचा फरक. पण भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं, आणि १४.७ वरून साडेतेरावर यायला जवळजवळ तेवढंच लागतं. मिस्त्रींनी हा भागाकार केलेला नव्हता. त्यांनी प्लग काढून त्याचा रंग पाहिला, "आता विटकरी आला बघा," म्हणाले आणि चहा मागवला. जुनं जेट काडेपेटीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवलं आहे.

तुमच्याकडेही अशी एखादी उभी असेल, तर पावसाळ्याआधी एवढं करा: पेट्रोलचा पाइप पंपाच्या अलीकडे काढा, त्याचं तोंड बुचाने बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटीत थेंब राहू देऊ नका.