उहुदनंतरची सकाळ

सी.ए. परीक्षेत प्रत्येक विषयात किमान ४० टक्के गुण लागतात. एका विषयात ३९ पडले की मुलगा अनुत्तीर्ण होतो आणि घर त्याला अपराधी ठरवते.

हिजरी ३ मध्ये उहुदच्या रणात तिरंदाजांनी जागा सोडली. विजय हातचा गेला. दिव्य कुरआनने ती चूक झाकली नाही, पण पैगंबरांना (स.) आदेश दिला तो क्षमेचा आणि सल्लामसलतीचा (३:१५९). दुसऱ्याच दिवशी तेच जखमी सहाबा हमरा-उल-असदकडे निघाले.

आज्ञा मोडणाऱ्यांना क्षमा, मग कष्ट करूनही हरलेल्या मुलाला बोल का? मालवणचा मच्छीमार पावसाळी बंदीत फाटके जाळे फेकत नाही, सांधतो. पालकहो, निकालाच्या रात्री मुलाजवळ बसा. कोठे फाटले, ते दोघांनी मिळून शोधा.