ऐकण्याचं काम शिकवणारं कुणीतरी

निपाणीतली मुलं कॉलेजला जाताना राज्याची सीमा ओलांडतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. देवचंद कॉलेज गावाला लागूनच आहे, पण ते अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात. घर कर्नाटकात, पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. अशा घरातल्या मुलीने बारावीनंतर ‘मला मानसशास्त्रात जायचंय’ असं म्हटलं की वडील विचारतात, “म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?” मग काका विचारतात, “त्याला स्कोप आहे का?” ती मोबाइल उघडते. तिथे अभ्यासक्रमांच्या याद्या मिळतात, पगाराचे आकडे मिळतात. हे काम करणारं माणूस दिवसभर नेमकं काय करतं, हे मात्र तिला कुठेच दिसत नाही. डॉक्टर तिने पाहिलाय, वकील पाहिलाय, शिक्षिका तर घरातच असते. मानसशास्त्रज्ञ तिने फक्त मालिकेत पाहिलेला असतो.

म्हणून मला वाटतं, या मुलीची पहिली गरज माहितीची नाही. हे काम रोज करणारं एक माणूस तिला भेटायला हवं, आणि त्या माणसाने तिला आधी खरं सांगायला हवं.

खरं असं की ही वाट लांब आहे. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर आधी एमबीबीएस, मग एमडी. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचा रस्ता वेगळा. तिथे बीए झालं, एमए झालं, तरी काम संपत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कुणाला म्हणायचं हे ठरवून दिलं आहे. त्यातली एक वाट म्हणजे पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं, आणि तेही जाणत्याच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करून घेतलेलं. देखरेख हा शब्द कायद्यातच आहे. पुस्तक वाचून, परीक्षा देऊन हे काम येत नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही मान्य करावं लागलं. हे नियमही आता बदलताहेत. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल., म्हणजे याच दोन वर्षांच्या शिक्षणाची पदवी, मोडीत काढली, 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा नवा कायदा आला आणि 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम नव्या सत्रापासून थांबवायला सांगितलं. घर सांभाळून, शेतात हात लावून शिकणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी मुलींचा भरवसा त्याच वाटेवर होता. वाट बंद झाल्याचं त्यांना प्रवेशाच्या खिडकीशी कळू नये. वर्षभर आधी सांगणारं कुणीतरी हवं.

या विद्येचा प्रवास आजवर असाच झाला आहे, माणसाकडून माणसाकडे. व्हिल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. त्यांच्याकडे इंग्रज मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन शिकले. लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली एम. व्ही. गोपालस्वामी शिकले आणि 1924 मध्ये म्हैसूर विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्राचा विभाग उभा केला. आपल्या अगदी जवळ, धारवाडला, मनोरुग्णालय 1845 पासून आहे, त्या वेळी धारवाड मुंबई इलाख्यात होतं. आज तिथे उपचारासोबत शिक्षणही चालतं. बेळगावहून धारवाड बसने दोनेक तासांवर, पण आपल्या किती शाळांनी मुलांना ही संस्था काय करते एवढं तरी सांगितलं असेल?

आता अडचण अशी की या व्यवसायातल्या मार्गदर्शकाला आपलं काम दाखवता येत नाही. सुतार पोराला शेजारी बसवून रंधा हातात देतो. इथे रुग्णाच्या खोलीत बारावीच्या मुलीला बसवणं योग्य नाही. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे आणि तोही कायद्यात लिहिलेला आहे. मग शिकवायचं कसं? माझ्या माहितीतल्या एका मॅडमनी काढलेला मार्ग मला फार पटला. त्या स्वतःच रुग्ण होतात. समोर बसलेल्या मुलीला म्हणतात, “मी विड्या वळणारी बाई. झोप लागत नाही, पाठ धरते, जीव घाबरा होतो. बोल माझ्याशी.” मुलगी लगेच म्हणते, “टेन्शन घेऊ नका, योगा करा.” मॅडम गप्प. बराच वेळ गप्प. मग सांगतात, “तुला मला बरं करायची घाई झाली. मी अजून काही सांगितलंच नाही. परत.” दुसऱ्या खेपेला मुलगी विचारते, “कधीपासून होतंय, मावशी?” आणि मग गोष्टी बाहेर येतात: मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जातात, थोरलीचं लग्न ठरलंय, नवरा घरी बसून आहे. अर्ध्या तासात त्या मुलीला या व्यवसायाची जी ओळख होते, ती कुठल्या करिअर मेळाव्यात होणार नाही.

मेळाव्यांना मी कमी लेखत नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि पुढे ‘वेध’च्या व्यासपीठावर हजारो मुलांसमोर वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं आणून बसवली. त्याने उमेद येते. पण सभागृहातून बाहेर पडल्यावर मुलीने विचारायचा प्रश्न वेगळा असतो आणि तो एकटीनेच विचारायचा असतो: माझ्या घरात आजारपण आहे, मला स्वतःला त्रास होतो, म्हणून मी इकडे येतेय, हे चालेल का? अनेकांची सुरुवात अशीच होते आणि त्यात गैर काही नाही. फक्त आपल्या जखमेची काळजी आधी घ्यावी लागते, नाहीतर समोरच्याच्या दुःखात आपलंच दिसत राहतं. हे तिला प्रेमाने आणि स्पष्टपणे सांगायला अनुभवी माणूसच लागतं.

सीमाभागातल्या मुलीला मी आणखी एक गोष्ट सांगेन. बेळगावच्या दवाखान्यात बाई नवऱ्याशी मराठीत बोलते, नर्सशी कन्नडमध्ये, औषधाच्या दुकानात हिंदीत. पण रडू येतं तेव्हा ती घरच्या भाषेत येते. मराठी मुलांसाठी मानसशास्त्रीय कसोट्या रचण्याचं काम पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत झालं, ते यासाठीच मोलाचं. या भागात काम करायचं असेल तर मराठी पक्की हवी आणि कन्नडही मनापासून शिकायला हवी. या वाक्याचे इथे वेगळे अर्थ काढले जातात, ते मला माहीत आहे. मराठी शाळा टिकल्याच पाहिजेत, या मागणीत मी कुठेही मागे नाही. पण दारात आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत ऐकून घेणं हे या व्यवसायाचं पहिलं कर्तव्य आहे, आणि दोन्ही भाषांत वाढलेली मुलगी ते पुण्या-बेंगळुरूच्या मुलीपेक्षा चांगलं करू शकते.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दहातल्या एका प्रौढाला मानसिक आजार आढळला, आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. ही माणसं आपल्याच गावांत आहेत. म्हणून बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर इथे काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना आणि मनोविकारतज्ज्ञांना माझी विनंती आहे: महिन्यातली एक दुपार जवळच्या कॉलेजातल्या चार मुलांसाठी राखून ठेवा. प्राचार्यांनी त्यांना बोलवावं, भाषणाला नव्हे, मुलांसोबत बसायला. आणि मुलींनो, ओळख नाही म्हणून थांबू नका. फोन करा, वेळ मागा, आणि जाताना तुमचे प्रश्न वहीत लिहून न्या.