अठ्ठावीस पौंड

जॉन वेस्ली ऑक्सफर्डमध्ये अध्यापक होते तेव्हाची ही गोष्ट. त्यांची मेथडिस्ट चळवळ अजून उभी राहायची होती. त्यांनी आपल्या खोलीसाठी काही चित्रे विकत घेतली होती आणि पैसेही चुकते केले होते. थंडीच्या दिवसांत एक गरीब मुलगी दाराशी आली. अंगात एक पातळ झगा, आणि ती गारठली होती. अंगावर घालायला दुसरे काही नाही का, असे त्यांनी विचारले. एवढेच आहे, ती म्हणाली. वेस्लींनी खिशात हात घातला, तर खिसा जवळजवळ रिकामा.

त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे सजावट होती. त्याच पैशांत या मुलीला उबदार कपडा झाला असता. आपला धनी हिशोब मागेल तेव्हा ही भिंत दाखवून तो शाबास म्हणेल का? हा प्रश्न त्यांना पुढे आयुष्यभर सोडून गेला नाही. पन्नासहून अधिक वर्षे उलटल्यावरही त्यांनी तो प्रवचनात सांगितला.

त्यांनी खर्चाला कुंपण घातले. एका वर्षी मिळकत ३० पौंड होती. २८ पौंडांत त्यांचे भागले, २ दान केले. पुढच्या वर्षी मिळकत ६० झाली. राहणी मात्र २८ पौंडांचीच राहिली, आणि ३२ पौंड गरिबांकडे गेले. मग ९० मिळाले तेव्हा ६२ दिले, १२० मिळाले तेव्हा ९२.

दशमांश दिला की उरलेले नऊ भाग माझे, असे आपल्यापैकी पुष्कळ जण मानतात. देवाला किती द्यायचे, एवढेच आपण मोजतो. वेस्लींनी स्वतःसाठी किती ठेवायचे ते मोजले. माझ्या मते ख्रिस्ती माणसाने पैशाकडे पाहायची हीच खरी रीत आहे, कारण सगळेच धन्याचे आहे आणि आपण फक्त कारभारी.

कमाईला मात्र त्यांचा विरोध नव्हता. मन लावून कष्ट करा, भरपूर मिळवा, असे ते सांगत. पण स्वतःचा जीव झिजवून नको, शेजाऱ्याला बुडवून नको, दारू विकून नको. उधळपट्टीही नको. आणि जो मिळवतो, साठवतो, पण देत नाही, त्याचे मिळवणे-साठवणे फुकट आहे, हेही ते तितक्याच कठोरपणे बजावत.

१७७६ साली सरकारी करवाल्यांचे पत्र आले. एवढ्या नामवंत माणसाकडे चांदीची भांडी असणारच, त्यांची नोंद का नाही, अशी विचारणा होती. वेस्लींनी कळवले की लंडनला दोन चांदीचे चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन. आजूबाजूला इतक्या लोकांना भाकरी मिळत नसताना आणखी घेणार नाही. तोवर त्यांच्या पुस्तकांचा खप मोठा होता आणि हाती बराच पैसा येत होता. तो येई तसा जाई.

२ मार्च १७९१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्ययात्रेला गाडी नको, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. सहा गरीब माणसांनी देह खांद्यावरून न्यावा आणि त्या सहा जणांत सहा पौंड वाटून द्यावेत, अशी त्यांची इच्छा होती.