संदर्भ क्रमांक १४

रात्री अकराला मावसभावाचा मेसेज आला. "दादा, रेफरन्स किती टाकू? सर म्हणालेत किमान १५ पाहिजेत." तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याचं ब्लॅक बुक बाइंडिंगला जायचंय. इंजिनिअरिंगच्या वाटेला न गेलेल्यांसाठी सांगतो, ब्लॅक बुक म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. व्हायव्हा झाली की ते सहसा कुणी उघडत नाही.

'किती टाकू' या शब्दांपाशी मी अडलो. संदर्भ हे भाजीत कूट टाकावं तसे शेवटी वरून टाकायचे असतात, असंच मलाही वाटायचं.

आमच्या ब्लॅक बुकात २२ संदर्भ होते. त्यातले तीन आम्ही वाचले होते. बाकीचे एका सीनियरच्या ब्लॅक बुकातून उचलले, आणि त्यानं ते कुठून उचलले होते देव जाणे. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यादीवर बोट फिरवलं आणि ते नेमकं क्रमांक १४ वर थांबलं. "यांनी काय म्हटलंय?" मी म्हणालो, "सर, त्यांनी ॲक्युरसी वाढवायची एक पद्धत मांडली आहे." जगातल्या निम्म्या पेपरांना हे उत्तर चालून गेलं असतं. ते किंचित हसले, पान उलटलं, मार्कही बरे दिले. ओरडले असते तर मी ते विसरलो असतो.

पण खरी गोष्ट परीक्षकांना दिसलीच नाही, कारण ती यादीत नव्हती. तो प्रोजेक्ट आम्ही शिकलो यूट्यूबवर, हिंदीत शिकवणाऱ्या एका मास्तरांकडून. व्हिडिओत मागे पंख्याची घरघर ऐकू यायची. कोडचा मोठा भाग गिटहबवरच्या एका अनोळखी माणसाचा होता. या दोघांचीही नावं आम्ही दिली नाहीत. विसरलो नव्हतो. चौघांनी कॅन्टीनमध्ये बसून ठरवलं होतं की यूट्यूब लिहिलं तर बरं दिसणार नाही. म्हणजे ज्यांनी आम्हाला काहीच शिकवलं नव्हतं अशी १९ नावं छापली, आणि ज्यांनी शिकवलं ते दोघं गायब.

कॉपी पकडण्याच्या आपल्या यंत्रणेत यातलं काहीच सापडत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधातल्या साम्याच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, त्यापुढे ४० पर्यंत सुधारून पुन्हा सादर करायचं, ६० च्या वर गेलं तर थेट नोंदणी रद्द. संदर्भसूची या मोजणीतून वगळतात, आणि ते योग्यच आहे. पण 'कॉपी म्हणजे टक्का' हे एकदा डोक्यात बसलं की मुलं एकच काम शिकतात, टक्का खाली आणायचं. 'वाढ' खोडून 'वृद्धी' लिहा, वाक्य कर्मणी करा, रिपोर्ट हिरवा. विचार दुसऱ्याचा तो दुसऱ्याचाच राहतो, फक्त आता तो मशीनला ओळखू येत नाही. उलट एखाद्यानं अवतरणचिन्हांत अख्खा परिच्छेद घेऊन खाली प्रामाणिकपणे नाव दिलं, तर तोच घाबरत असतो.

मग संदर्भ द्यायचा कशासाठी? मला याचं उत्तर कॉलेजात मिळालं नाही, नोकरीत मिळालं. रात्री दोनला सिस्टिम बंद पडली होती आणि मी कुणाचा तरी जुना कोड उघडून बसलो होतो. एक ओळ अगदी विचित्र होती, काढून टाकाविशी वाटणारी. तिच्यावर त्या माणसानं कॉमेंट लिहिली होती, हे असं का केलंय आणि कुठे वाचून केलंय, सोबत लिंक. तो कंपनी सोडून गेला होता. मी लिंक उघडली, ती ओळ का हवी ते कळलं, आणि बिघाड दुसरीकडे शोधला. त्याला माझ्यावर छाप पाडायची नव्हती. पुढे इथे कुणीतरी येईल, त्याला तपासता यावं, एवढाच त्याचा हिशेब.

न वाचलेला संदर्भ म्हणजे अशी लिंक, जी लिहिणाऱ्यानं स्वतःच कधी उघडलेली नाही.

२००२-०३ च्या सुमारास सिम्किन आणि रॉयचौधुरी या दोघा संशोधकांनी भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या पेपरचे संदर्भ तपासले. तो सुमारे ४,३०० वेळा उद्धृत झाला होता. १९६ ठिकाणी खंड, पान किंवा सालाची चूक होती. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५, आणि एकच चूक ७८ जणांनी केलेली. इतके लोक स्वतंत्रपणे एकसारखे चुकत नाहीत, ते एकमेकांची यादी उतरवतात. शाळेत गणिताची वही उतरवणाऱ्यांना मास्तर असंच पकडायचे. त्यावरून या दोघांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ पेपर वाचतात. हे सगळे पीएचडीवाले, आम्ही तर बी.ई.

दुसरा किस्सा याहून भारी. एल्सेव्हियर ही मोठी प्रकाशनसंस्था. संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला तिच्या सूचनांमध्ये एक नमुना दिलेला असे, 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल', साल २०००. असा लेख अस्तित्वातच नाही. तरी तो जवळपास ४०० ठिकाणी संदर्भ म्हणून छापला गेल्याचं ॲन-विल हार्झिंग या प्राध्यापिकेनं २०१७ मध्ये दाखवून दिलं. आता चॅटबॉट असे नसलेले लेख मागाल तितके बनवून देतो, तेही बिनचूक फॉरमॅटमध्ये. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. आपण हसतो, आणि दुसऱ्या दिवशी पु.लं.नी कधीच न लिहिलेलं वाक्य त्यांच्या नावासकट फॅमिली ग्रुपवर ढकलतो.

यात नुकसान कुणाचं, असं भाऊ विचारेल. ब्लॅक बुक तर कुणी वाचत नाही. पण एक जण वाचतो, पुढच्या वर्षीचा ज्युनियर. त्याला वाटतं की २२ पेपर वाचल्याशिवाय हा प्रोजेक्ट होत नाही आणि आपण कमी पडतोय. मग तोही यादी उतरवतो. पंख्याची घरघर असलेले ते व्हिडिओ त्याला सापडतच नाहीत, जे पाहून त्याला चार दिवसांत सगळं कळलं असतं. हे मला आजही लागतं, कारण आमच्या त्या सीनियरनंही बहुतेक तेच व्हिडिओ पाहिले असणार.

भावाला फोन केला. म्हटलं, जे उघडून वाचलंयस तेच लिही. आंबेडकरांचं १९३६ चं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' वाचलं नसेल, दुसऱ्या पुस्तकात त्यातला उतारा वाचला असेल, तर त्या पुस्तकाचं नाव दे आणि 'अमुक पुस्तकात उद्धृत' असं लिही, त्यात कमीपणा नाही. शिवराज्याभिषेक १६७४ मध्ये झाला याला संदर्भ लागत नाही, पण त्याच्या खर्चाचा आकडा दिलास तर लागतो. व्हिडिओ असेल तर चॅनेलचं नाव, तारीख, कितव्या मिनिटाला. कोड असेल तर कुणाचा आणि त्याचं लायसन्स काय. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेल्या उत्तराला नाव देणं ही तर तिथल्या लायसन्सचीच अट आहे. ॲपा की आयट्रिपलई, स्वल्पविराम कुठे, हे सगळं नंतर बघ.

"असे सातच होतात दादा. सर १५ मागतायत."

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मार्क त्याचे जाणार होते, माझे नाही. शहाणपण फोनवरून स्वस्तात सांगता येतं. शेवटी त्यानंच तोडगा काढला. सात संदर्भ, आणि खाली वेगळं शीर्षक, 'विषयाशी संबंधित, अद्याप न वाचलेले', त्यात आठ. सर काय म्हणतात ते सोमवारी कळेल.

फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "तुझं ब्लॅक बुक पाठवशील? फॉरमॅट बघायला." ड्राइव्हमध्ये शोधून पाठवलं. खाली लिहिलं, "यादीतले पहिले तीनच वाचलेत. ज्यांच्याकडून शिकलो त्यांची लिंक ही घे." आणि त्या हिंदी चॅनेलची लिंक चिकटवली.