स्वस्त, फुकट आणि मुक्त

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना फार छळलं आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. इथे ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, मुक्त, हे त्यांना आजतागायत समजावून सांगावं लागतं. मराठीत ही अडचण नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. पण लायनक्ससाठी परवडणारा लॅपटॉप शोधायला बसलं की तिसरा शब्द मध्ये येतो, स्वस्त, आणि आपलाही गोंधळ उडतो.

नवा स्वस्त लॅपटॉप बहुतेक वेळा स्वस्त असतो तो पुढचे दरवाजे बंद करून. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, साठवण ईएमएमसीची, तीही तशीच चिकटवलेली. दोन वर्षांनी कमी पडली तर वाढवता येत नाही. जुना स्वस्त लॅपटॉप वेगळ्या कारणाने स्वस्त असतो: कोणीतरी तो टाकून दिलेला असतो. कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेली यंत्रं घाऊक विकतात आणि ती लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत येतात. त्यांतला थिंकपॅड टी४८० माझ्या आवडीचा. रॅमचे दोन खाचे, बाहेरची बॅटरी हाताने निघते, लायनक्स विनातक्रार चालतं.

त्याच्या आधीचा टी४७० जवळपास तसाच, पण त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर फार तर मिळतो. विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे. विंडोज १०ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. म्हणजे २०१७चं धडधाकट यंत्र अधिकृतपणे म्हातारं झालं आणि २०१८चं तरुण राहिलं. आठव्या पिढीत दोन कोअरचे चार झाले, हा फरक खराच. पण पत्रं लिहिणाऱ्याला, हिशोब करणाऱ्याला तो फरक कधी जाणवला असता का? विकत घेतलेली वस्तू म्हातारी कधी झाली, हे ठरवण्याचा हक्क कुणाचा? माझ्यासाठी लायनक्सचा अर्थ इथे आहे. बनवणाऱ्याचा रस संपल्यावरही वस्तू माझी राहते.

इथवर माझं तत्त्वज्ञान छान चालतं, कारण पैसे माझे आणि वेळही माझा. गेल्या वर्षी मावसबहिणीच्या मुलीने विचारलं, “मामा, वीस हजारांत लॅपटॉप सुचव ना.” ती तालुक्याच्या गावात बी.कॉम. करते. तिला टॅली शिकायचं होतं. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. लायनक्सवर वाइनच्या आधाराने ते चालवायची खटपट करता येते, पण परीक्षेच्या आदल्या रात्री ती खटपट तिने करायची, मी नाही.

दुसऱ्याच्या पैशाने आपली तत्त्वं पाळणं फार सोपं असतं. लायनक्स फुकट उतरवून घेता येतं, पण वाय-फाय सापडत नाही किंवा प्रिंटर रुसून बसतो तेव्हा त्याची किंमत वेळाने चुकवावी लागते. माझ्यासारख्या नोकरदाराकडे रविवारची दुपार असते. कॉलेज, घरकाम आणि शेवटची एसटी यांत सापडलेल्या मुलीकडे ती असेलच असं नाही. तिचा वेळ माझ्या मुक्तीसाठी खर्ची घालायचा मला काय अधिकार?

पण याची उलट बाजूही आहे. ‘तिला कशाला हवं ते, तिला विंडोजच दे,’ असं म्हणणं काळजीचं वाटतं, पण त्यात एक तुच्छता दडलेली आहे. यंत्राचं झाकण उघडायची मुभा शहाण्या मामाला आणि तयार खोकं मात्र भाचीला, हा न्यायही बरा नाही.

शेवटी तिने आठव्या पिढीचा वापरलेला टी४८० घेतला. त्यावर विंडोज ११ आहे आणि शेजारी लायनक्स मिंट. याने प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. टॅलीसाठी ती विंडोज सुरू करते, बाकी वेळी काय वापरते ते मी विचारत नाही. मी एवढंच कबूल केलं आहे की काही अडलं तर फोन उचलेन, रात्री अकरालासुद्धा. त्यामुळे माझ्या दोन-चार संध्याकाळी गेल्या आणि एकदा बॅटरी बदलायला गावी जाऊन आलो.

लायनक्स आपल्याला फुकट मिळतं, कारण १९९१पासून हजारो माणसांनी त्यावर वेळ घातला आहे. काहींनी पगार घेऊन, काहींनी हौसेने. ही साखळी पुढे न्यायची तर ‘लायनक्स वापरा’ एवढा उपदेश पुरत नाही. दुसऱ्याला मुक्ततेचा सल्ला द्यायचा असेल तर सल्ला देणाऱ्याने आधी आपला थोडा वेळ तारण ठेवावा. तेवढी तयारी नसेल, तर त्याने गप्प बसून दुकानाचा पत्ता सांगावा. तोही प्रामाणिकपणाच आहे.