माडीवरून पडलेला तरुण



प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० यात त्रोवस येथील एका रात्रीचा वृत्तांत आहे. पौल दुसऱ्या दिवशी निघणार होता, म्हणून त्याने आपले भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबविले. माडीवर पुष्कळ दिवे होते. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणास गाढ झोप लागली, व तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलून पाहिले, तो मेलेला आढळला. पौलाने काय केले? त्याने खाली उतरून त्यास कवटाळिले आणि मंडळीला धीर दिला. मुलगा जिवंत परत मिळाला. उपदेश चालू असता तो झोपला, याबद्दल दोषाचा एकही शब्द लूकाने लिहून ठेविलेला नाही.

हा अध्याय मी अनेकदा वाचिला होता. पण त्याचा अर्थ मला एका मुलाने शिकविला. आमच्या मंडळीतील पंधरा वर्षांचा एक मुलगा उपासनेत डुलक्या घेई. घरी तो उलट उत्तरे देई, व शाळेतूनही तक्रारी येत. एका रविवारी मी उपदेश थांबवून सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली. पुढे सहा रविवार तो आला नाही. शेवटी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा कळले की, शेतीची वीज रात्रीच येत असल्यामुळे तो बापाबरोबर पाणी धरावयास जातो. परतल्यावर झोप उडाली म्हणून मोबाइल पाहत पडतो. आणि पहाटेच्या एस.टी.ने शाळा गाठतो. मी ज्याला आळशी म्हटले, तो थकलेला होता. मी त्याची क्षमा मागितली.

वैद्यशास्त्र सांगते की, १३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोप हवी. या वयात शरीरातील घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारा रस रात्री उशिरा पाझरू लागतो. म्हणून मुलाला लवकर झोप येत नाही, व पहाटे उठवत नाही. झोप अपुरी पडली म्हणजे चित्त ठरत नाही, पाठ केलेले आठवत नाही, क्षुल्लक कारणाने राग येतो आणि मन उदास होते. यालाच आपण उद्धटपणा म्हणतो आणि काठी उचलतो.

एलीया रानात निराश होऊन मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला आधी बोल लाविला काय? नाही. त्याला झुडपाखाली झोपू दिले, दूताकडून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले; आणि मग त्याच्याशी संभाषण केले. झोपेने सर्व दोष जातात असे नाही, शिस्त हवीच. पण थकलेल्या लेकराच्या कानांत बोध शिरत नाही. आधी विसावा, मग बोध, हाच देवाचा क्रम आहे.

तर आईबापांनो, रात्री मोबाइल मुलांजवळ ठेवू नका. प्रथम आपलाही दूर ठेवा. संध्याकाळनंतर चहा देऊ नका. निजण्याउठण्याची वेळ सुटीतही फार बदलू नका. सकाळच्या उन्हात त्यांना थोडे फिरू द्या. रात्रीचे पाणी शक्यतो थोरांनी धरावे. शेजाऱ्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात. मूल मोठ्याने घोरते व मध्येच त्याचा श्वास अडतो, किंवा ते आठवडेच्या आठवडे खिन्न असते, तर डॉक्टरांस दाखवा. मरणाची भाषा बोलले, तर त्यास एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे विश्वासात उणे पडणे नव्हे.

आणि उपदेशक बंधूंनो, मुले झोपू लागली तर पौलाप्रमाणे आपण व्यासपीठावरून खाली उतरावे, आणि त्यांच्या घरचा उंबरठा ओलांडावा. तो मुलगा आता पुन्हा उपासनेस येतो. कधी डुलकी लागलीच, तर शेजारचे म्हातारे दादा त्याचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून घेतात, आणि मी माझा उपदेश आवरता घेतो.

जो आपल्या प्रियांना झोप देतो, तो प्रभु तुमच्या लेकरांस शांत निद्रा देवो. आमेन.